कॉम्प्रेसरची वाया जाणारी उष्णता कामाला लावताना : लहान व मध्यम कारखान्यांसाठी मार्गदर्शक

स्क्रू कॉम्प्रेसरला, म्हणजे फिरणाऱ्या स्क्रूंमध्ये हवा दाबणाऱ्या यंत्राला, आपण जी वीज पुरवतो, ती अखेरीस जवळजवळ सगळी उष्णतेत बदलते. हवा दाबली की ती तापते, ती उष्णता तेल शोषून घेते आणि ते तेल थंड करण्यासाठी आपण आणखी एक पंखा चालवतो. कारखान्यांत सर्वाधिक दिसणाऱ्या ऑइल-इंजेक्टेड (दाबताना हवेत तेल सोडणाऱ्या) कॉम्प्रेसरमध्ये या उष्णतेची ढोबळ वाटणी अशी असते : सुमारे ७२ टक्के तेलात, १३ टक्के आफ्टरकूलरमध्ये (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागात), ९ टक्के मोटरमधून, २ टक्के यंत्राच्या पृष्ठभागावरून आसपास आणि उरलेली ४ टक्के दाबाच्या हवेबरोबर पुढे. तेलातली उष्णता एकाच ठिकाणी, ८० ते ९० अंश सेल्सिअसला, नळीतून वाहत असते. म्हणूनच ती पकडणे सोपे जाते.

येथे नवख्या माणसाला हटकून एक शंका येते. वीज जर सगळीच उष्णतेत गेली, तर हवेने काम कशाच्या जोरावर केले? उत्तर असे की थंड झालेल्या दाबाच्या हवेत खोलीतल्या साध्या हवेपेक्षा फारशी जास्त ऊर्जा नसते; तिच्यात असते ती दाबामुळे आलेली काम करण्याची क्षमता. ती प्रसरण पावताना स्वतःची आणि आसपासची उष्णता वापरते. न्यूमॅटिक ग्राइंडर चालवताना त्यातून सुटणारी हवा हाताला गार लागते, ती यामुळेच. म्हणजे कूलरमधून बाहेर फेकलेली उष्णता परत घेतल्याने हवेच्या कामात काही उणे पडत नाही.

उष्णता मिळवणे हे या कामातले सोपे अंग आहे. अवघड आहे ते तिला गिऱ्हाईक शोधणे, म्हणजे त्याच तापमानाची, त्याच वेळी आणि जवळच्या अंतरावर गरज असलेली जागा शोधणे. बरेच प्रकल्प कॉम्प्रेसरपासून सुरू होतात आणि गरम पाणी तयार झाल्यावर त्याचे करायचे काय हा प्रश्न उरतो. पुढच्या पायऱ्यांचा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे.

पहिली पायरी : आधी हवा वाचवा

गळती, गरजेपेक्षा जास्त दाब आणि तुंबलेले फिल्टर तसेच ठेवून उष्णता पुनर्प्राप्तीचा विचार करू नये. गळती मोजण्याची साधी रीत अशी : साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी हवा वापरणारी सगळी यंत्रे बंद ठेवून कॉम्प्रेसर चालू करावा आणि तो किती वेळ लोड होतो (हवा दाबतो) व किती वेळ अनलोड राहतो (नुसताच फिरतो), हे घड्याळ लावून चार-पाच फेऱ्यांसाठी लिहून घ्यावे. लोडच्या वेळेला एकूण वेळेने भागून शंभराने गुणले की कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या किती टक्के हवा गळते ते कळते. दुर्लक्षित पाइपलाइनमध्ये हा आकडा २० ते ३० टक्के निघणे नवलाचे नाही. दाबाचेही तसेच आहे. ७ बारच्या आसपास दाब १ बारने उतरवला, तर विजेत सुमारे ६ ते ७ टक्के बचत होते.

हे आधी करण्याचे आणखी एक कारण आहे. गळती बंद झाली की कॉम्प्रेसर कमी वेळ लोड होतो आणि मिळणारी उष्णताही घटते. गळतीसकट मोजलेल्या उष्णतेवर हीट एक्स्चेंजर (तेलातली उष्णता पाण्याला देणारे उपकरण) निवडला तर तो मोठा पडतो, आणि पुढे कोणी गळती दुरुस्त करू लागले की बचतीचे आकडे कोसळतात. गरम पाणी मिळते म्हणून कॉम्प्रेसर जास्त चालला तरी बिघडत नाही, हा युक्तिवाद तर कुठेही मान्य करू नये; पाणी तापवण्यासाठी कॉम्प्रेसर हे फार महागडे साधन आहे.

दुसरी पायरी : उष्णतेचे गिऱ्हाईक

ऑइल-इंजेक्टेड कॉम्प्रेसरमधून साधारण ६० ते ७० अंशांपर्यंतचे पाणी भरवशाने मिळू शकते. पाण्याने थंड होणाऱ्या ऑइल-फ्री यंत्रांत हे तापमान ९० अंशांपर्यंत नेता येते. वाफ मात्र यांतून मिळणार नाही. म्हणून कारखान्यात फेरी मारताना ३० ते ६५ अंशांच्या पट्ट्यात काय काय तापवले जाते, तेवढेच टिपावे : पार्ट वॉशिंग मशीन, पावडर कोटिंगच्या आधीच्या डिग्रीसिंग (तेलकटपणा काढणे) व फॉस्फेटिंगच्या टाक्या, प्लेटिंगची बाथ, डेअरीतील क्रेट धुण्याचे पाणी, कॅन्टीनची भांडी, बॉयलरचे मेकअप पाणी, म्हणजे भरीला घातले जाणारे ताजे पाणी.

बॉयलरच्या बाबतीत जरा सांभाळून हिशेब करावा. फीड वॉटर, म्हणजे बॉयलरमध्ये जाणारे पाणी, ६ अंशांनी तापले की इंधनात सुमारे १ टक्का बचत होते, हा ठोकताळा सर्वत्र वापरला जातो आणि तो बरोबरही आहे. ३० अंशांचे पाणी ६० अंशांवर नेले तर ५ टक्के. पण कंडेन्सेट (वाफेचे पुन्हा झालेले गरम पाणी) परत येऊन फीड टाकी आधीच ८० अंशांवर असेल, तर तिथे आपल्या ६५ अंशांच्या पाण्याला काहीच काम उरत नाही. मग फक्त मेकअपचे ताजे पाणी तापवण्यापुरताच फायदा धरायचा.

युरोपातील माहितीपत्रकांत कॉम्प्रेसरची गरम हवा हिवाळ्यात शेड तापवण्यासाठी वापरलेली दिसते. चाकण, वाळूज किंवा बुटीबोरीत तिला तसे गिऱ्हाईक नाही. धुतलेले पार्ट सुकवणे हा तिचा आपल्याकडचा खरा उपयोग. तेही नसेल तर निदान डक्ट लावून ती खोलीबाहेर काढावी, कारण कॉम्प्रेसरने ओढलेली हवा ४ अंशांनी जास्त गरम असली की विजेचा खर्च सुमारे १ टक्का वाढतो. डक्ट लांब किंवा वळणावळणाचा झाला तर कॉम्प्रेसरचा आतला पंखा पुरा पडत नाही आणि यंत्र जास्त तापमानावर बंद पडते. पंख्याला बाहेरचा किती अवरोध चालतो हे मॅन्युअलमध्ये पाहूनच डक्टचा आकार ठरवावा.

पुढील विवेचनासाठी एक नमुना कारखाना धरू : ५५ किलोवॅटचा एअर-कूल्ड स्क्रू कॉम्प्रेसर, दोन शिफ्ट आणि पावडर कोटिंगच्या आधी ३,००० लिटरची डिग्रीसिंगची टाकी, जी विजेच्या ३६ किलोवॅट हीटरने ५५ अंशांवर ठेवली जाते.

तिसरी पायरी : मोजणी

कॉम्प्रेसरच्या नेमप्लेटवरचा आकडा उष्णता मोजण्यासाठी पुरेसा नाही. पॅनलवर एकूण तास आणि लोड तास असे दोन मीटर असतात. दोन आठवडे ते रोज ठरलेल्या वेळी लिहून घ्यावेत. अनलोड अवस्थेतही यंत्र पूर्ण भाराच्या २५ ते ४० टक्के वीज ओढते, पण ती उष्णता आपल्या हिशेबात न धरलेली बरी. नमुना कारखान्यात लोडवर ६२ किलोवॅट वीज लागते असे पॉवर अॅनालायझरवर दिसले, तर तेलातून सुमारे ४५ आणि पाइपातला ऱ्हास वजा जाता हाती ४० किलोवॅट येतील असे धरावे. रोज १६ तासांपैकी लोड १२ तास असेल, तर उपलब्ध उष्णता ४८० युनिट. कॉम्प्रेसर व्हीएफडीचा, म्हणजे गरजेप्रमाणे मोटरचा वेग बदलणारा, असेल तर तासांवर विसंबू नये. तिथे वीजमीटरवरचे दिवसाचे युनिटच घ्यावेत.

आता गिऱ्हाइकाची बाजू. टाकीला किती उष्णता लागते हे सूत्रांनी काढता येते, पण उघड्या टाकीवरून होणारे बाष्पीभवन, थंड पार्ट आणि वर चालणारा एक्झॉस्ट फॅन यांमुळे ती गणिते फसवतात. त्यापेक्षा हीटरच्या कॉन्टॅक्टरवर (हीटर चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) एक साधा अवर मीटर बसवावा. कॉन्टॅक्टर जेवढा वेळ ओढलेला असेल तेवढाच वेळ मीटर पुढे सरकतो, आणि आठवड्याभरात रोजची सरासरी समोर येते. ३६ किलोवॅटचे हीटर दिवसाला साडेनऊ तास चालू राहिले, तर गरज झाली ३४२ युनिटची. हा छोटासा जोड पुढचे कित्येक हजार रुपये वाचवतो, असे माझे मत आहे.

उपलब्ध ४८० आणि गरज ३४२, म्हणून सगळीच गरज भागेल असे मात्र समजू नये. सकाळी टाकी ३० अंशांवरून ५५ वर आणायला ७५,००० किलोकॅलरी, म्हणजे ८७ युनिट उष्णता लागते. ४० किलोवॅटने ते काम सव्वादोन तासांत होते, आणि तेवढा वेळ कोटिंगची लाइन थांबू शकत नाही. त्यामुळे हीटर काढून टाकायचे नाहीत. ते सकाळसाठी आणि कॉम्प्रेसर बंद पडेल त्या दिवसासाठी ठेवायचे, आणि थर्मोस्टॅट उष्णता पुनर्प्राप्तीच्या पातळीपेक्षा तीन-चार अंशांनी खाली लावायचा. दोन्ही एकाच तापमानाला लावले तर हीटर आधी धाव घेतात आणि फुकटची उष्णता कूलरकडेच जात राहते. वेळेचा हा मेळ लक्षात घेऊन नमुना कारखान्यात रोज २५० युनिट वाचतील असे धरू.

चौथी पायरी : तेल आणि पाणी यांची गाठ

यासाठी बहुधा प्लेट हीट एक्स्चेंजर वापरतात. तो मूळ ऑइल कूलरच्या जागी येत नाही. सेपरेटर टाकीतून (हवा आणि तेल वेगळे करणाऱ्या टाकीतून) निघालेले गरम तेल आधी त्याच्यातून जाते आणि मग मूळ थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हकडे येते. पाण्याने पुरेशी उष्णता घेतली असेल तर तो व्हॉल्व्ह कूलरला वळसा देतो, आणि ज्या यंत्रांत कूलरचा पंखा तापमानावर चालतो तिथे पंख्याची वीजही वाचते. गरम पाण्याला मागणी नसेल तेव्हा मूळ कूलर पूर्वीसारखा काम करतो. म्हणजे कॉम्प्रेसरचे थंड होणे आपल्या टाकीवर अवलंबून राहता कामा नये. एखादा विक्रेता मूळ कूलर काढून टाकायला सुचवत असेल, तर तो प्रस्ताव तिथेच थांबवावा.

एक्स्चेंजर कॉम्प्रेसरच्या शक्य तितक्या जवळ, एक-दोन मीटरच्या आत असावा. लांबवर न्यायचे ते पाणी, तेल नव्हे. तेलाची लाइन लांबली की दाबाचा ऱ्हास वाढतो, तेल जास्त भरावे लागते आणि गळण्याच्या जागाही वाढतात. कॉम्प्रेसरच्या उत्पादकाचा स्वतःचा हीट रिकव्हरी किट मिळत असेल तर तोच घ्यावा. बाहेरचा घ्यायचा असल्यास उत्पादकाची लेखी संमती आधी घ्यावी, नाहीतर एअर-एंड (हवा दाबणारा मुख्य भाग) बिघडल्यावर वॉरंटीचा वाद उभा राहतो.

आता या विषयातला सर्वांत दुर्लक्षित धोका. उष्णता जास्त काढली की चांगले, असे वाटते; तेल मात्र ठरावीक मर्यादेखाली थंड होऊ देता येत नाही. हवेतल्या वाफेचे दाबाखाली लवकर पाणी होते. पावसाळ्यात मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता ही रोजची गोष्ट असते. अशी हवा ७ बारपर्यंत दाबली की तिचा दवबिंदू, म्हणजे वाफेचे पाणी होऊ लागण्याचे तापमान, सुमारे ६७ अंशांवर पोहोचतो. एअर-एंडमधून बाहेर पडणारे हवा-तेलाचे मिश्रण याच्या खाली गेले, तर सेपरेटर टाकीत पाणी साचते, साइट ग्लासमधले (पातळी दाखवणाऱ्या काचेतले) तेल दुधाळ दिसू लागते आणि बेअरिंगवर गंज चढतो. म्हणून डिस्चार्जचे, म्हणजे या मिश्रणाचे, तापमान पावसाळ्यात निदान ७५ अंशांवर राहील, अशी पाण्याचा प्रवाह नियंत्रित करण्याची सोय हवी. टाकी सकाळी गार असते तेव्हा एक्स्चेंजरमध्ये फार थंड पाणी येते आणि धोका तेव्हाच सर्वाधिक असतो. थ्री-वे मिक्सिंग व्हॉल्व्ह लावून एक्स्चेंजरमध्ये शिरणारे पाणी ५० अंशांच्या वर राखले तर हा प्रश्न सुटतो.

पाचवी पायरी : पाण्याचे बंद वर्तुळ

बोअरचे पाणी थेट एक्स्चेंजरमधून फिरवण्याचा मोह आवरावा. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी ते जड असते आणि ६० अंशांच्या पुढे त्यातला क्षार झपाट्याने प्लेटवर बसतो. ब्रेझ्ड (कायमच्या जोडलेल्या) प्लेटचा एक्स्चेंजर उघडून घासता येत नाही. एकदा तुंबला की आम्ल फिरवून धुणे किंवा बदलणे एवढेच हाती उरते. त्याऐवजी सॉफ्टनरच्या किंवा डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याचे एक बंद वर्तुळ करावे, जे एक्स्चेंजरमधून उष्णता घेईल आणि टाकीतल्या कॉइलला देईल. या वर्तुळात पंप, गाळणी, एक्स्पान्शन टाकी, एअर व्हेंट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असणे आवश्यक आहे. सेफ्टी व्हॉल्व्हवर काटकसर करू नये. पंप बंद आणि कॉम्प्रेसर चालू असताना एक्स्चेंजरमधले पाणी तेलाच्या तापमानाला जाऊन पोहोचते, आणि कोणी देखभालीसाठी दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केले असतील तर कोंडलेले पाणी फुगून प्लेट फोडू शकते. म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह हा त्या दोन व्हॉल्व्हच्या मध्ये, एक्स्चेंजरच्या बाजूलाच बसवावा.

बंद वर्तुळाचा दुसरा फायदा सुरक्षिततेचा आहे. प्लेटला भेग पडली तर चालू अवस्थेत तेलाचा दाब जास्त असल्याने तेल पाण्यात येते. कॉम्प्रेसर थांबून त्याचा दाब उतरला की उलट पाणी तेलात शिरते. पहिल्याने टाकी खराब होते, दुसऱ्याने एअर-एंड. खाद्यपदार्थ, पिण्याचे पाणी किंवा बॉयलर फीड यांच्याशी संबंध असेल तर दुहेरी भिंतीचा एक्स्चेंजर घ्यावा, ज्यात गळती झाल्यास ती बाहेर ठिबकून दिसते. बॉयलरमध्ये तेल गेल्यास फेस होतो आणि नळ्यांवर थर बसून त्या जळतात. हात-अंघोळीसाठी पाणी साठवणार असाल तर टाकी ६० अंशांवर ठेवावी, कारण कोमट साठ्यात लिजिओनेला जिवाणू वाढतो.

टाकीतल्या कॉइलबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण बरेच प्रकल्प इथेच अडतात. नमुना कारखान्यात वर्तुळातले पाणी कॉइलमध्ये ६८ अंशांना शिरून ५८ ला परत येईल आणि ४० किलोवॅट वाहून नेण्यासाठी तासाला सुमारे ३,४०० लिटर प्रवाह लागेल. टाकी ५२ च्या आसपास असते तेव्हा तापमानातला सरासरी फरक जेमतेम १० अंशांचा भरतो. तीन बारच्या वाफेची कॉइल असेल तर हाच फरक ९० अंशांचा असतो. म्हणजे वाफेसाठी बनवलेली जुनी कॉइल गरम पाण्यावर चालवून भागत नाही; कितीतरी पट जास्त क्षेत्रफळाची नवी कॉइल लागते, आणि ती मावेल एवढी टाकीत जागा आहे का, हे टेप घेऊन आधी पाहावे. फॉस्फेटिंगच्या टाकीत मात्र हीच मर्यादा पथ्यावर पडते : फॉस्फेटचा गाळ फार तापलेल्या पृष्ठभागावर जास्त बसतो, त्यामुळे ६८ अंशांच्या कॉइलवर तो हीटरपेक्षा कमी धरतो.

पाइपांना आणि टाकीच्या बाजूंना इन्सुलेशन करावे, आणि रात्री टाकीवर झाकण ठेवावे. झाकण हे या सगळ्या यादीतले सर्वांत स्वस्त साधन आहे आणि सर्वांत कमी वापरले जाणारेही.

सहावी पायरी : पैशांचा हिशेब

रोज २५० युनिट आणि वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ७५,००० युनिट उष्णता. ती आजवर कशापासून येत होती, यावर सारे अवलंबून आहे. विजेच्या हीटरपासून येत असेल आणि विजेचा दर ८ रुपये धरला, तर ६ लाख रुपये. त्यातून पाऊण किलोवॅटच्या पंपाची वर्षाची ३,६०० युनिट वीज, म्हणजे सुमारे २९ हजार रुपये वजा करावेत. डिझेलच्या हॉट वॉटर जनरेटरपासून येत असेल तर ८० टक्के कार्यक्षमतेने सुमारे ९,४०० लिटर डिझेल वाचेल, ९० रुपये लिटरने साडेआठ लाखांच्या आसपास. पण तीच उष्णता ब्रिकेट (भुशाच्या दाबलेल्या कांड्या) जाळून मिळत असेल, तर किलोला ४,००० किलोकॅलरी आणि ७० टक्के कार्यक्षमता धरून सुमारे २३ टन ब्रिकेट वाचतात, ज्यांचे ८ रुपये किलोने १ लाख ८४ हजारच होतात. हीट पंप असेल तर विजेची बचत हीटरच्या जवळपास एक तृतीयांश. दर मी उदाहरणापुरते घेतले आहेत, आपण आपल्या बिलातले घ्यावेत. यंत्र, उष्णता आणि टाकी तीच असूनही परतफेडीचा काळ तिपटीहून जास्त बदलू शकतो, एवढे यातून दिसावे.

कोटेशनमध्ये एक्स्चेंजरच्या किमतीबरोबर पाइपिंग, कॉइल, पंप, पॅनलमधले बदल आणि जादा तेल यांची रक्कम स्वतंत्र मागवावी. एक्स्चेंजर स्वस्त आणि पाइपिंग महाग असा प्रकार सर्रास असतो. वीज कंपनीकडची मागणी कमी होईल म्हणून डिमांड चार्जेसची बचत हिशेबात धरणारे विक्रेतेही भेटतात. सकाळी हीटर पूर्वीसारखेच चालणार असतील तर ती बचत होत नाही. प्रकल्प मोठा असेल किंवा कॉम्प्रेसर अनेक असतील, तर ऊर्जा दक्षता ब्युरोने प्रमाणित केलेल्या ऊर्जा लेखापरीक्षकाकडून मोजणी करून घ्यावी. राज्यात ऊर्जा संवर्धनाचे काम पाहणारी संस्था महाऊर्जा आहे, तिच्याकडे सध्याच्या योजनांची चौकशी करता येईल.

चालू केल्यावर

वर्तुळात एक्स्चेंजरच्या दोन्ही बाजूंना थर्मामीटर आणि एका बाजूला फ्लो मीटर बसवलेले असावेत. तासाचे लिटर गुणिले तापमानातला फरक, भागिले ८६० (एका युनिटातल्या किलोकॅलरी), एवढ्या हिशेबात किती किलोवॅट मिळतात ते कळते. ३,४०० लिटर आणि १० अंश म्हणजे जवळपास ४० किलोवॅट. पहिल्या आठवड्यात ही नोंद प्रत्येक शिफ्टला करावी, सोबत एअर-एंडचे डिस्चार्ज तापमान लिहावे. ते पूर्वीपेक्षा वाढलेले दिसले तर तेलाच्या लाइनमध्ये अवरोध आहे. ७५ च्या खाली जात असेल तर मिक्सिंग व्हॉल्व्हचे सेटिंग वर घ्यावे. तेलाची पातळीही नव्याने तपासावी, कारण एक्स्चेंजर आणि नळ्यांत काही लिटर तेल सामावते आणि पहिल्या चालूनंतर साइट ग्लासमधली पातळी उतरते.

पुढे महिन्यातून एकदा त्याच दोन थर्मामीटरचे आकडे पुरेसे आहेत. प्रवाह तोच, तेल तेवढेच गरम आणि पाण्यातला फरक मात्र १० वरून ७ अंशांवर आला, तर प्लेटवर थर बसू लागला आहे, आणि प्रवाहच घटला असेल तर आधी गाळणी उघडून पाहावी. बंद वर्तुळात वारंवार पाणी भरावे लागणे हेही चांगले लक्षण नाही. ते पाणी कुठेतरी जाते आहे, आणि ते तेलात जात नाही ना याची खात्री सकाळी कॉम्प्रेसर सुरू करण्याआधी, दाब पूर्ण उतरलेला आहे हे पाहून, सेपरेटर टाकीच्या खालच्या ड्रेनमधून थोडे तेल काचेच्या बाटलीत घेऊन करावी. रात्रभर थांबलेल्या यंत्रात पाणी तळाशी बसलेले असते, त्यामुळे ते असेल तर पहिल्याच धारेत दिसते.